.४१ रेमिंग्टन मॅग्नम

.४१ रेमिंग्टन मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरसाठी तयार झालेले मोठ्या बोअरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) अमेरिकन काडतूस आहे. १९६४ मध्ये रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने त्याचे रिव्हॉल्व्हर बरोबरीने बाजारात आणले. गोळीचा व्यास ०.४१० इंच (१०.४ मिमी), पुंगळीची (गोळी आणि दारू धरून ठेवणाऱ्या धातूच्या नळकांड्याची) लांबी १.२९ इंच (३२.८ मिमी) आणि नेहमीच्या गोळीचे वजन २१० ग्रेन, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. भारतात परवान्यावर मिळणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी याच्या निम्म्याहूनही हलकी असते. अचूकता आणि मारक शक्ती या दोन्ही बाबतींत हे काडतूस आजही कुणाला हार जात नाही. तरीही त्याच्या भवितव्याची चिंता त्याच्या चाहत्यांना वर्षानुवर्षे लागून राहिली आहे, आणि ती अनाठायी नाही.

हे काडतूस यावे म्हणून जोर लावणाऱ्यांत आयडाहोचे शिकारी-लेखक एल्मर कीथ, अमेरिकी सीमा गस्ती दलातले बिल जॉर्डन आणि स्कीटर स्केल्टन ही नावे प्रमुख. पोलिसांना .३५७ मॅग्नमपेक्षा (१९३५) भारी, पण .४४ मॅग्नमइतका (१९५५-५६) आडदांड झटका न देणारे काहीतरी हवे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘.४१ पोलीस’ हे नावही सुचवले गेले होते. रेमिंग्टनने मात्र खपाचा विचार करून ‘मॅग्नम’ हा जबर ताकदीच्या काडतुसांना लावला जाणारा शब्द निवडला.

कागदावर .४१ हे .३५७ आणि .४४ च्या मधोमध बसते. मापे घेतली की चित्र बदलते. .४४ मॅग्नमची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ इंचाची असते. म्हणजे .४१ आणि .४४ मधला फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर, तर .३५७ आणि .४१ मधला जवळजवळ १.३५ मिलिमीटर. पुंगळीची लांबी जवळपास सारखी, कमाल दाबाची मर्यादाही दोघांची ३६,००० पौंड प्रति चौरस इंच. .४१ शेवटपर्यंत .४४ च्या सावलीत का राहिले, याचे उत्तर बरेचसे या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे. शिवाय .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुने, सौम्य .४४ स्पेशल चालते, .३५७ मध्ये .३८ स्पेशल चालते. .४१ ला कारखान्यात नियमित बनणारे असे धाकटे भावंड कधी मिळालेच नाही.

पोलिसांसाठी स्मिथ अँड वेसनने मॉडेल ५८ काढले: स्थिर नेम-खूण, चार इंची नळी, रिकामे वजन सुमारे १.१६ किलो. शिकारी आणि हौशी नेमबाजांसाठी अधिक देखणे मॉडेल ५७ होते. रेमिंग्टनने दोन प्रकारची काडतुसे दिली. एकात सेकंदाला साधारण ३०० मीटर वेगाची शिशाची गोळी होती, दुसऱ्यात लांब नळीतून ४०० मीटरच्या पुढे जाणारी आवरणयुक्त गोळी. पहिली खास पोलिसांसाठी होती, पण ती नळीत शिसे साचवू लागली. दुसरी गस्तीवरच्या शिपायाला झेपेना. टेक्सासमधील सॅन अँटोनियो आणि कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को इथल्या पोलिसांनी मॉडेल ५८ वापरले. देशभर मात्र त्याचे बस्तान बसले नाही. १९७७ च्या सुमारास ते बंद झाले. दरम्यान १९७१ च्या एका हॉलिवूड चित्रपटाने .४४ मॅग्नमला घराघरांत पोहोचवले होते, आणि १९८० च्या दशकात पोलीस खाती रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलांकडे वळली.

.४१ ला जगवले ते शिकाऱ्यांनी आणि स्वतः काडतुसे भरणाऱ्यांनी. रुगर कंपनीचे ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर १९६५ पासून या बोअरमध्ये मिळू लागले आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीत ते लोकांच्या हाताला बसले. काडतूस घरी भरण्याची रीत बघण्यासारखी आहे. उडवलेली पुंगळी स्वच्छ करून डायमधून (साच्यातून) दाबली की ती मूळ मापात येते आणि जळालेला प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टिकली) खाली पडतो. मग नवा प्रायमर बसवून पुंगळीचे तोंड किंचित फुलवायचे, तोलून घेतलेली दारू ओतायची, गोळी दाबायची आणि पुंगळीची कड गोळीवरच्या खाचेत आत वळवायची. हाच माणूस दारू कमी करून सौम्य काडतूसही बनवतो; रेमिंग्टनला जे धड जमले नाही, ते तो घरच्या टेबलावर साधतो. मिसुरीच्या स्टारलाइन कंपनीने आखूड .४१ स्पेशलच्या पुंगळ्याही काढल्या आहेत, त्या अशाच मंडळींसाठी.

अडचण गोळीच्या मापाचीही आहे. १० मिमी ऑटो (१९८३) आणि .४० स्मिथ अँड वेसन (१९९०) या दोघांना ०.४०० इंचाची एकच गोळी चालते, म्हणून ती भरपूर बनते. ०.४१० इंचाच्या गोळीला .४१ मॅग्नमखेरीज फारसे गिऱ्हाईक नाही. २०२० पासूनच्या काडतूस-टंचाईत कारखान्यांनी आपली यंत्रे ९ मिमी आणि .२२३ या जास्त खपाच्या काडतुसांसाठी राबवली; .४१ सारखी काडतुसे दुकानांतून दिसेनाशी झाली. २०२० मध्येच दिवाळखोरीत निघालेल्या रेमिंग्टनचा काडतूस व्यवसाय व्हिस्टा आउटडोअरने घेतला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो फेडरल, सीसीआय व स्पीअरसह चेकोस्लोव्हाक ग्रुपकडे गेला. इतके ब्रँड एका छताखाली आल्यावर कमी खपाच्या मालाची पाळी शेवटी येणार, हे उघड आहे. अस्वलांच्या जंगलात जाणारे लोकही हल्ली पंधरा गोळ्यांचे १० मिमी पिस्तूल कमरेला लावतात. सहा गोळ्यांच्या जड रिव्हॉल्व्हरची ती जागा होती.

आशेला थोडी जागा आहे ती लिव्हर रायफलमध्ये, म्हणजे घोड्याजवळची दांडी हलवून काडतूस चढवायच्या रायफलमध्ये. ओहायो, मिशिगन, आयोवा या राज्यांनी २०१० च्या दशकात सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसे हरणाच्या शिकारीसाठी रायफलमध्ये वापरायला मुभा दिली. .४१ मॅग्नम त्यात चपखल बसते, आणि हेन्री कंपनीने आपली बिग बॉय रायफल या बोअरमध्येही काढली. लांब नळीतून हे काडतूस आणखी खुलते. पण २०१९ मध्ये विंचेस्टरने नेमक्या याच नियमांसाठी .३५० लेजंड आणले. मोसमाच्या तोंडावर नवा शिकारी दुकानात जातो तेव्हा फळीवर तेच रचलेले असते.