मूळ फोटो आणि फोटोवरून काढलेला फोटो

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत पगडीवाल्या एका गृहस्थांचा फोटो आहे. मागे पुण्याच्या स्टुडिओचा शिक्का, पत्त्यात पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. म्हणजे फोटो त्यानंतरचा, आणि तेव्हा घरात पगडी घालणारे फक्त आजोबांचे थोरले चुलते. एवढ्या हिशेबावर मी मागे पेन्सिलीने त्यांचं नाव लिहूनही टाकलं. आत्याने फोटोवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही घडी दिसतेय, पण बोटाला कुठे लागतेय?"

घडी कागदाला नव्हतीच. ती होती आधीच्या फोटोला, आणि चेहऱ्याबरोबर तिचाही फोटो निघाला होता.

मूळ फोटोची घडी हाताला लागते, तिथला थर तडकलेला असतो. जुन्या काळ्या-पांढऱ्या, जिलेटिनचा थर असलेल्या प्रिंटवर, उजेडात तिरकं धरलं की, काळ्या भागात आणि कडांना चंदेरी झाक दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा असेल तर बहुधा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. अशा पुठ्ठ्याचा एक नेहमीचा आकार 'कॅबिनेट', म्हणजे साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंच. फोटोवरून काढलेल्या फोटोत केसांचे, भुवयांचे बारकावे पुसट होतात, काळा भाग गच्च काळा होतो. कधी मूळ पुठ्ठ्याची कडही कोपऱ्यात डोकावते. फाटलेल्या कडेला प्लॅस्टिकचा थर दिसला तर कागद १९७०च्या आसपासचा किंवा नंतरचा.

खरी फसगत शिक्क्याने होते. मूळ फोटोवरचा शिक्का माणूस कुठे जाऊन बसला ते सांगतो. कॉपीवरचा शिक्का ती कॉपी कुठे करून घेतली एवढंच सांगतो, आणि तेव्हा फोटोतला माणूस जाऊन पन्नास वर्षं झालेली असू शकतात. इंग्रजी शिक्क्यात 'पूना' असेल तर तो बहुधा १९७८च्या आधीचा धरतात, कारण त्या वर्षी स्पेलिंग बदललं. पण जुना शिक्का झिजेपर्यंत वापरणारे दुकानदार आपल्याकडे कमी नाहीत!

कपड्यांचंही तसंच. स्टुडिओवाले भाड्याचा कोट द्यायचे हे खरं, पण मूळ फोटोत निदान तो अंगावर तरी असतो. भिंतीवर लावायला 'मोठा करून' घेतलेल्या फोटोत ग्रुपमधलं नुसतं डोकं उचलून खाली कोट, उपरणं ब्रशने रंगवलेलं असायचं. मानेपाशी भिंगातून बघा: चेहऱ्याला फोटोचे बारीक कण दिसतील, कोटाला ब्रशचे फटकारे. अशा कोटावरून साल काढायला जाऊ नये.

म्हणून कॉपी हातात आली की आधी विचारायचं, ही करून कोणी घेतली? आमच्याकडे १९७२नंतर पुण्यात बिऱ्हाड होतं ते एका धाकट्या काकांचं. त्यांच्या मुलाकडे पुठ्ठ्यावरचा मूळ फोटो निघाला. घडी त्याच जागी, आणि बोटाला लागणारी. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव पुण्याचं नाही, कोल्हापूरचं आहे. आमच्या फोटोमागचं नाव मी खोडलंय. नवं अजून लिहिलेलं नाही.