जावास्क्रिप्टमधील क्लास आणि त्रुटींचा माग

जावास्क्रिप्टमधील क्लास हा समान गुणधर्म आणि मेथड (ऑब्जेक्टवर चालणारी फंक्शन) असलेले ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा होय. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ही भाषा रचली, तेव्हा तिची वारसापद्धती सेल्फ या भाषेतील प्रोटोटाइपवरून, म्हणजे इतर ऑब्जेक्टना गुणधर्म पुरवणाऱ्या नमुना-ऑब्जेक्टवरून, घेतली होती. एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या प्रमाणाच्या २०१५ च्या आवृत्तीत क्लास आला, तरी आतली यंत्रणा तीच राहिली : मेथड सामायिक प्रोटोटाइपवर असते आणि ऑब्जेक्टमध्ये न सापडलेले नाव त्या साखळीत वर शोधले जाते. क्लास म्हणजे केवळ लेखनाची सोय, असे म्हटले जाते. ते पुरते खरे नाही, कारण क्लास ‘न्यू’ या नवा ऑब्जेक्ट घडवणाऱ्या शब्दाशिवाय चालवता येत नाही आणि त्यातील सर्व कोड स्ट्रिक्ट मोडमध्येच, म्हणजे भाषेच्या कडक नियमांखालीच, चालतो.

नेहमी आढळणारी एक चूक याच स्ट्रिक्ट मोडमुळे उघडी पडते. ‘खाते’ या क्लासची ‘जमा’ ही मेथड ‘फॉरईच’ला (यादीतील प्रत्येक घटकासाठी फंक्शन चालवणाऱ्या मेथडला) नुसती नावाने दिली, तर तिचा ऑब्जेक्टशी संबंध तुटतो, ‘धिस’ (मेथड ज्या ऑब्जेक्टवर चालते तो दर्शवणारा शब्द) अनडिफाइन्ड, म्हणजे मूल्यहीन, होतो आणि ‘धिस’वरील शिल्लक वाचताच टाइपएरर येतो. तीच मेथड ब्राउझरमध्ये ‘सेटटाइमआउट’ला (ठरावीक वेळाने फंक्शन चालवणाऱ्या फंक्शनला) दिली, तर ‘धिस’ म्हणजे विंडो हा ब्राउझरचा जागतिक ऑब्जेक्ट ठरते. त्रुटी येत नाही, हिशेब मात्र विंडोवर होऊन तिथे नॅन (‘संख्या नव्हे’ असे मूल्य) साठते आणि खात्यातील शिल्लक जशीच्या तशी राहते. ही दुसरी चूक शोधणे अधिक जिकिरीचे. ‘धिस’ पक्का बांधणारी ‘बाइंड’ ही मेथड किंवा स्वतःचा ‘धिस’ नसलेले ॲरो फंक्शन वापरल्यास दोन्ही टळतात.

स्वतःचा त्रुटीप्रकार ‘एरर’ या क्लासचा विस्तार करून बनवतात. त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट घडवताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘सुपर’, म्हणजे मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर, चालल्याशिवाय ‘धिस’ला हात लावता येत नाही. फंक्शन कोणत्या क्रमाने एकमेकांत शिरली याची नोंद, म्हणजे स्टॅक ट्रेस, व्ही८ या क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनात त्रुटीचा ऑब्जेक्ट तयार होताच घेतली जाते, ‘थ्रो’च्या, म्हणजे त्रुटी फेकण्याच्या, वेळी नव्हे. त्यामुळे आधीच बनवून ठेवलेली त्रुटी नंतर फेकली, तर ट्रेस भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. या इंजिनात ट्रेस मुळात १० पायऱ्यांपुरता असतो. ही मर्यादा वाढवता येते. पकडलेली त्रुटी नव्या त्रुटीत गुंडाळताना मूळ ट्रेस हरवू नये म्हणून २०२२ च्या आवृत्तीत ‘कॉज’ हा गुणधर्म आला. त्रुटीचे नाव कन्स्ट्रक्टरच्या नावावरून घेण्याची सवय मात्र फसवी आहे : कोड मिनिफाय झाला, म्हणजे आकार घटवण्यासाठी आक्रसला, की क्लासचे नाव बरेचदा एकाच अक्षरापुरते उरते आणि लॉगमध्ये तेच उमटते.