गरोदरपणात एचआयव्ही: एआरटी केंद्रावर नोंद कशी होते, कागद कोणते लागतात

गरोदर बाईचं नाव नोंदवताना हिमोग्लोबिनसोबत एचआयव्हीचीही तपासणी होते. मोफत, आणि संमती घेऊन. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त काढून केलेली तपासणी 'रिअॅक्टिव्ह' (लागण असू शकते असं दाखवणारी) आली म्हणजे निदान झालं असं नाही. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तीन वेगवेगळ्या किटवर तपासल्यावरच ते पक्कं धरतात. नवऱ्याचीही तपासणी करून घ्यावी.

निदान पक्कं झालं की पात्रतेचा प्रश्न उरत नाही. कितवा महिना, उत्पन्न किती, सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) किती, काहीच आड येत नाही. सीडी४चा रिपोर्ट यायची वाट न बघता गोळ्या सुरू होतात आणि त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात.

एआरटी केंद्रावर, म्हणजे जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, जाताना सोबत आयसीटीसीचा अहवाल, आधार किंवा दुसरं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या. एखादा कागद नसेल तर तसं समुपदेशकाला सांगा, पण त्यासाठी जाणं लांबवू नका. शेजारीपाजारी कळेल ही धास्ती खरीच असते. म्हणूनच २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे.

गोळी दिवसाला एकच, तीन औषधांची. त्यातलं डोल्युटेग्रॅव्हिर लोह-कॅल्शियमच्या गोळीसोबत उपाशीपोटी घेतलं तर नीट शोषलं जात नाही. त्या गोळ्यांच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर या सगळ्या गोळ्या एकत्र जेवणासोबत घ्या.

खरी गडबड होते ती बाळंतपणाला माहेरी जाताना. गोळ्या संपतात, तिथलं केंद्र माहीत नसतं आणि आईला सांगायची हिंमत होत नाही. निघण्याआधी आपल्या केंद्राला सांगा. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा माहेरजवळच्या केंद्रासाठी बदलीचा कागद मागा आणि उपचाराची पुस्तिका बरोबर ठेवा. ३२ ते ३६ आठवड्यांतली व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे त्याची) तपासणी याच धावपळीत राहून जाते. बाळाला किती जोखीम आहे ते त्यावरूनच ठरतं, त्यामुळे ती चुकवू नका. नुसत्या एचआयव्हीसाठी सिझेरियन लागत नाही.

उपचारच नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. उपचार नीट चालू असतील तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनचं औषध किमान सहा आठवडे देतात, जोखीम जास्त असेल तर त्यासोबत झिडोव्हुडिनही. अंगावर पाजायचं असेल तर सहा महिने फक्त आईचं दूध द्या, वरचं काही नाही. बाळाची तपासणी सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि शेवटची अठराव्या महिन्यात होते. जवळचं केंद्र १०९७ या मोफत क्रमांकावर कळेल.