नाझी राजवट आणि ख्रिस्ती चर्च

१९३३ ते १९४५ या बारा वर्षांत जर्मनीतल्या चर्चचं हिटलरच्या सरकारशी नातं काय होतं, हा विषय निघाला की लोक पटकन एक बाजू पकडतात. कोणी म्हणतं चर्चने विरोध केला, कोणी म्हणतं चर्च सामील होतं. पुरावे दोन्हीचे सापडतात, आणि कधीकधी एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही सापडतात. मुळात 'चर्च' म्हणून एकच काही संस्था नव्हती. देशाची लोकसंख्या साधारण साडेसहा कोटी, त्यात चार कोटींच्या आसपास प्रोटेस्टंट, तेही २८ प्रांतिक चर्चमध्ये विभागलेले, दोन कोटींच्या आसपास कॅथलिक, ते रोमच्या पोपला मानणारे, आणि ज्यू जेमतेम पाच लाख, म्हणजे एक टक्का पण नाही.

या विषयाची सुरुवात जाहीरनाम्यांपासून न करता चर्चच्या ऑफिसातल्या कपाटापासून करावी असं मला वाटतं. ७ एप्रिल १९३३ ला कायदा आला की 'आर्य' नसलेल्या, म्हणजे मुख्यतः ज्यू वंशाच्या, माणसाला सरकारी नोकरीत ठेवायचं नाही. मग आर्य आहोत हे दाखवायचं कसं, तर आईवडील आणि आजीआजोबांचे कागद आणून. पण जन्ममृत्यूची सरकारी नोंद संपूर्ण जर्मनीत सुरू झाली १८७६ ला, त्याआधीचं जे काही होतं ते चर्चच्या बाप्तिस्म्याच्या (ख्रिस्ती करून घेण्याच्या विधीच्या) वह्यांमध्ये. त्यामुळे मास्तर, कारकून, डॉक्टर, सगळे चर्चच्या दारात उभे. पाद्री कपाटातून जाडजूड वही काढायचा, आजोबांचं नाव शोधायचा, उतारा लिहून शिक्का मारायचा आणि ठरलेली फी घ्यायचा. त्या ओळीत 'पूर्वी ज्यू' असं काही असलं तर ते पण उताऱ्यात उतरायचं. ज्यूंचे नागरिक म्हणून हक्क काढून घेणारे १९३५ चे न्यूरेंबर्ग कायदे आल्यावर ही मागणी अजून वाढली. हे काम नाकारणारे पाद्री फार म्हणजे फारच थोडे निघाले, आणि मला ही गोष्ट कुठल्याही भाषणापेक्षा जास्त अस्वस्थ करते, कारण इथे कोणाला ओरडावं लागलं नाही, धमकी द्यावी लागली नाही, दाखला मागितला आणि दाखला मिळाला.

कॅथलिक बाजूने बघितलं तर सत्तेत यायच्या आधी नाझींना सगळ्यात कमी मतं कॅथलिक भागातच पडत होती, आणि काही बिशपांनी तर पक्षाचं सभासद व्हायला बंदी घातली होती. पण मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने मत दिलं, पाचेक दिवसांत बिशपांनी बंदी मागे घेतली, आणि २० जुलैला व्हॅटिकनमध्ये करारावर सह्या झाल्या, पोपतर्फे कार्डिनल पाचेली (हेच पुढे १९३९ मध्ये पायस बारावे झाले) आणि जर्मनीतर्फे हिटलरचे उपचान्सलर फॉन पापेन. चर्चच्या शाळा, संस्था, उपासना सुरक्षित, आणि बदल्यात धर्मगुरूंनी राजकारणात पडायचं नाही, असा तो व्यवहार. हा करार मंत्रिमंडळाने १४ जुलैला मान्य केला आणि त्याच बैठकीत आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीने नसबंदी करायचा कायदाही मंजूर केला. कॅथलिक शिकवणुकीला हा कायदा सरळसरळ न पटणारा, म्हणून सह्या होईपर्यंत तो जाहीर केला नाही, २५ जुलैला केला.

करार झाला तरी त्रास थांबला नाही. तरुणांच्या संघटना मोडल्या, वर्तमानपत्रं बंद केली, धर्मगुरूंवर खटले भरले. शेवटी पोप पायस अकरावे यांनी १९३७ मध्ये एक पत्र लिहिलं, नेहमीच्या लॅटिनमध्ये नाही तर जर्मनमध्ये. ते चोरून देशात आणलं, वेगवेगळ्या छापखान्यांत गुपचूप छापलं, आणि २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, देशभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये एकाच दिवशी वाचलं गेलं. गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, थांबवायला वेळच मिळाला नाही, नंतर त्यांनी छापखाने जप्त केले. वंशाला, राष्ट्राला देव करणं चूक आहे असं त्या पत्रात स्पष्ट आहे. पण हिटलरचं नाव नाही, आणि ज्यूंवर त्या वेळी जे चाललं होतं त्याबद्दल एक शब्द नाही.

प्रोटेस्टंटांमध्ये भांडण घरातच लागलं. 'जर्मन ख्रिश्चन' नावाचा गट होता, त्यांना येशू आर्य हवा होता आणि बायबलमधून जुना करार, म्हणजे मुळात ज्यूंचे धर्मग्रंथ असलेला भाग, काढून टाकायचा होता. जुलै १९३३ च्या चर्च निवडणुकीत हा गट दोनतृतीयांश मतांनी जिंकला, हिटलरने स्वतः रेडिओवरून त्यांच्यासाठी आवाहन केलं होतं. लुडविग म्युलर नावाचा नौदलातला जुना पाद्री राष्ट्रीय बिशप झाला. ज्यू वंशाच्या पाद्र्यांना काढायचा ठराव प्रशियाच्या चर्चमध्ये पास झाला, आणि त्या सभेला बरेच जण नाझींचा तपकिरी युनिफॉर्म घालून बसले होते.

त्याला उत्तर म्हणून मार्टिन नीमोलर यांनी पाद्र्यांची संघटना काढली, काही महिन्यांत सात हजारांच्या आसपास पाद्री आले, आणि त्यातूनच 'कन्फेसिंग चर्च' उभं राहिलं, म्हणजे आपली श्रद्धा उघड कबूल करणाऱ्यांचं चर्च. मे १९३४ मध्ये बार्मेन गावात त्यांनी घोषणापत्र काढलं, मसुदा मुख्यतः धर्मशास्त्राचे अभ्यासक कार्ल बार्थ यांचा. चर्चचा प्रभू ख्रिस्त, दुसरा कोणी नेता नाही, असं त्यात ठणकावून सांगितलंय. खरोखर धाडसाचं काम होतं ते. पण त्यातही ज्यूंचा उल्लेख नाही, आणि बार्थ यांनीच पुढे, कितीतरी वर्षांनी, ही आपली चूक झाल्याचं मान्य केलं. नीमोलर स्वतः पहिल्या महायुद्धात पाणबुडीचे कॅप्टन, आधी नाझींना मत दिलेले, १९३७ मध्ये पकडले गेले, आणि कोर्टाने सोडल्यावर हिटलरने त्यांना परत उचलून छळछावणीत टाकलं, ते १९४५ पर्यंत.

डीट्रिश बोनहोफर या तरुण प्रोटेस्टंट पाद्र्याने मात्र एप्रिल १९३३ मध्येच लिहिलं होतं की चाकाखाली आलेल्यांना मलमपट्टी करून भागणार नाही, वेळ आली तर चाकच अडवावं लागेल. त्यांना भारतात येऊन गांधीजींकडे अहिंसक प्रतिकार शिकायचा होता, १९३४ मध्ये गांधीजींनी पत्राने बोलावलं पण होतं, पण ते येणं काही झालं नाही. हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्यामुळे ९ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिना असताना, फ्लोसेनबुर्ग छावणीत त्यांना फाशी दिलं.

आता एक गोष्ट मुद्दाम थांबून बघायला हवी, ती म्हणजे चर्चने जिथे जोर लावला तिथे सरकार कधीकधी मागे हटलं. १९३४ मध्ये दक्षिणेतल्या दोन प्रोटेस्टंट बिशपांना, वुर्म आणि मायझर यांना, घरात कोंडून ठेवलं तर लोक रस्त्यावर आले आणि त्यांना सोडावं लागलं. १९३६ मध्ये ओल्डेनबुर्ग भागात शाळांमधले क्रूस काढायचा हुकूम निघाला, तेव्हा शेतकरी हजारोंनी क्लोपेनबुर्गच्या सभागृहात जमले आणि तिथल्या नाझी प्रमुखाला भर सभेत तो हुकूम मागे घ्यायला लागला.

सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मतिमंद आणि मनोरुग्णांच्या हत्या. १९४० पासून राखाडी बसेस यायच्या, चर्चच्या संस्थांमधूनसुद्धा पेशंट घेऊन जायच्या, आणि काही दिवसांनी घरच्यांना पत्र यायचं की तुमचा माणूस अमुक आजाराने गेला, अस्थी पाठवतो. अपेंडिक्स आधीच काढलेल्या माणसाच्या पत्रात मृत्यूचं कारण अपेंडिक्स असं यायचं, म्हणून लोकांना संशय आला. ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमध्ये उभं राहून सरळ खून हा शब्द वापरला आणि विचारलं की निरुपयोगी माणसाला मारायचं ठरलं तर उद्या आपण म्हातारे झाल्यावर आपलं काय, आणि युद्धातून लंगडे होऊन येणाऱ्या सैनिकांचं काय. त्या प्रवचनाच्या नकला हातोहात पसरल्या. २४ ऑगस्टला हिटलरने पेशंटना गॅसने मारायचा तो कार्यक्रम थांबवला, तोपर्यंत सत्तर हजारांवर माणसं मेली होती. नंतर उपाशी ठेवून आणि इंजेक्शनं देऊन मारणं चालूच राहिलं, हे पण सांगायला हवं. गालेन यांना हात लावला नाही कारण लोक बिथरतील ही भीती होती, पण ल्युबेकमध्ये ते प्रवचन वाटणारे तीन कॅथलिक धर्मगुरू पकडले गेले आणि नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला, त्यांच्यासोबत एक प्रोटेस्टंट पाद्री पण, स्टेलब्रिंक, जे एकेकाळी स्वतः नाझी होते.

म्हणजे क्रूसासाठी गावं उठली, बिशपांसाठी उठली, पेशंटसाठी एक बिशप उठला. नोव्हेंबर १९३८ च्या एका रात्रीत देशभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जळाली तेव्हा असं कोणी उठलं नाही. उलट थुरिंगियाच्या बिशपने, मार्टिन झास्से याने, प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याच्या वाढदिवशी सिनेगॉग जळतायत म्हणून आनंदाने पुस्तिका काढली. विरोधात बोलले ते एकेकटे. बर्लिनच्या कॅथेड्रलमधले बर्नहार्ड लिश्टेनबेर्ग रोज संध्याकाळी ज्यूंसाठी उघड प्रार्थना करायचे, १९४१ मध्ये पकडले गेले आणि १९४३ मध्ये डाखाउ छळछावणीत नेताना वाटेतच गेले. त्याच १९४१ च्या डिसेंबरमध्ये सात प्रांतिक प्रोटेस्टंट चर्चनी जाहीर केलं की बाप्तिस्मा घेतलेले ज्यूसुद्धा आता आमचे सभासद नाहीत. त्या माणसांनी ख्रिस्त स्वीकारला होता, आणि देशातून ज्यूंना गाड्यांत भरून पूर्वेकडे न्यायला सुरुवात झालेली असताना त्यांना चर्चनेच दार लावून घेतलं.

छोट्या पंथांमध्ये यहोवाचे साक्षीदार वेगळे ठरतात, हिटलरला सलाम नाही आणि सैन्यात भरती नाही, यावर ते शेवटपर्यंत ठाम राहिले आणि छावण्यांत कपड्यांवर जांभळा त्रिकोण, म्हणजे त्यांच्या गटाची खूण, लावून राहिले. पोलंडमध्ये तर प्रश्नच वेगळा होता, तिथे चर्च म्हणजे पोलिश राष्ट्र असं नाझी समजायचे. डाखाउत जे अडीच हजारांवर धर्मगुरू कोंडले होते त्यात बहुसंख्य पोलिश, आणि मेलेल्यांत पण तेच सगळ्यात जास्त. पोप पायस बारावे गप्प का राहिले यावर वाद अजून चालू आहे, १९४२ च्या नाताळच्या भाषणात त्यांनी वंशामुळे मरणाऱ्या लाखोंचा उल्लेख केला पण कोणाचं नाव घेतलं नाही, दुसरीकडे रोममधल्या मठांमध्ये हजारो ज्यू लपले आणि वाचले.

ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला प्रोटेस्टंट नेत्यांनी कबुली दिली की आम्ही पुरेसं धैर्य दाखवलं नाही. त्यातही ज्यू हा शब्द नव्हता, तो कबुलीत यायला १९५० उजाडलं.

आणि त्या वह्यांचं काय झालं? बर्लिनमध्ये कार्ल टेमेल नावाच्या पाद्र्याने १९३६ पासून शहरातल्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या एकत्र करून कार्डांची मोठी यादी बनवून घेतली होती, कोणाचे पूर्वज ज्यू होते ते चटकन सापडावं म्हणून, आणि ती माहिती सरकारी वंश-कार्यालयाकडे जायची. युद्धानंतर टेमेल पुन्हा पाद्री झाला, आणि पुढे चर्चच्या जुन्या नोंदवह्यांवरच काम करत राहिला.