पाढ्यांत अडत नाही, हजेरीत अडतं

परभणीकडच्या एका शाळेत हजेरी चालू होती. तिसरीतल्या एका लेकराचं नाव आलं. तोंड उघडलं, पण 'ह' घशातच अडला. मान ताठली, डोळे मिटले, मांडीवर थाप बसली, तेव्हा कुठं 'हजर' बाहेर पडलं. तासाभरानं सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणू लागला. 'सात त्रिक एकवीस' म्हणताना हेच लेकरू कुठंही अडलं नाही.

अशा तोतऱ्या लेकराची जीभ 'जड' आहे असं लोक म्हणतात. पण ती जड असती तर पाढ्यांतही अडलीच असती. बोलताना श्वास, स्वरतंतू, जीभ आणि ओठ यांना मेंदूकडून नेमक्या वेळी इशारा जावा लागतो. तोतरेपणात ही वेळ चुकते. सगळे मिळून म्हणताना ठेका बाहेरून मिळतो, म्हणून वाट मोकळी होते असं मानतात. भीतीनं अडखळणं वाढतं, पण ते भीतीतून जन्मत नाही. घराण्यात ते चालत येताना दिसतं. 2010 साली पाकिस्तानातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी जोडलेली काही जनुकंही सापडली.

सुरुवात बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात होते. 100 लेकरांत साधारण 5 जण कधी ना कधी अडखळतात, त्यातल्या बहुतेकांचं आपोआप सुटतं. मोठ्यांत 100 मागं 1 उरतो, आणि त्यात पुरुष कितीतरी जास्त.

आपल्याकडं मात्र आधी वेखंड उगाळून चाटवतात, नाहीतर 'नीट बोल की' म्हणून दटावतात. दटावणं तर नकोच नको. लेकराचं वाक्य आपण पुरं करू नये. त्याच्या तोंडाकडं बघत थांबावं. अडखळणं सुरू होऊन सहा महिने झाले तरी सुटलं नसेल किंवा बोलताना चेहरा ताणला जात असेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारावं, वाचा उपचार तज्ज्ञाला दाखवावं. लहानग्यांसाठी सिडनीत तयार झालेल्या लिडकम पद्धतीत आईबापच रोज थोडा वेळ उपचार करतात: शब्द सहज आला की लगेच कौतुक.

मोठ्यांचं दुखणं वेगळं असतं. माझ्या ओळखीचे एक काका मानवतचे. 'म' अडेल म्हणून एसटीत पाथरीचं तिकीट काढायचे, अन् आधीच मानवतला उतरायचे. शब्द असा चुकवत गेलं की धाक वाढतच जातो, म्हणून मोठ्यांच्या उपचारात शब्दाची सुरुवात हळुवार करायला शिकवतात आणि अडखळत का होईना, हवा तोच शब्द बोलायला लावतात. काका आता कंडक्टरला 'म-म-मानवत' सांगतात.