संगणक आत घेईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा
(घरगुती संगणक वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

संगणक सुरू होतो, पडद्यावर नाव येते, आणि पासवर्ड टाकला की 'चुकीचा आहे' एवढेच म्हणतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून माणसे बसमधून सीपीयू मांडीवर घेऊन येतात आणि काउंटरवर ठेवता ठेवताच सांगतात, "फॉरमॅट मारा, पण आजच्या आज चालू करून द्या की ओ." फॉरमॅट मारायला आम्हाला फार वेळ लागत नाही. पण त्यात लग्नाचे फोटो, जमिनीच्या उताऱ्यांचे स्कॅन, मुलीचा प्रोजेक्ट, सगळे पुसले जाते. बऱ्याच वेळा त्याची गरजही नसते. म्हणून घरीच काय पाहता येईल ते या पत्रकात लिहिले आहे. हे सगळे विंडोज १० आणि ११ साठी आहे.

आधी कीबोर्ड पाहा

आपल्या भागात एकाच संगणकावर तीन भाषा नांदतात. वडिलांचा हिशेब इंग्रजीत, आईचे भजनी मंडळाचे लिखाण मराठीत, मुलांचा शाळेचा अभ्यास कन्नडमध्ये. आदल्या रात्री कोणी कन्नड टाइप करून संगणक तसाच बंद केला, तर सकाळी पासवर्डच्या रकान्यातही कन्नड अक्षरेच पडू शकतात. तिथे नुसते ठिपके दिसत असल्याने ते कळत नाही. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते. ती दाबून इंग्रजी निवडा, किंवा विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबा. रकान्याच्या टोकाला डोळ्याचे चित्र असते, ते दाबून धरले की तुम्ही काय टाइप केले ते दिसते.

इंग्रजीतही एक खोच आहे. ब्रिटनचा इंग्रजी कीबोर्ड निवडला गेला असेल तर ॲटची खूण आणि दुहेरी अवतरण चिन्ह यांच्या जागा बदलतात. पासवर्डमध्ये ॲट असेल तर तो बरोबर टाइप करूनही चुकतो. कॅप्स लॉक आणि नम लॉक तर पाहाच. एखादी कळ दाबूनही उठत नसेल, तर त्याच कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या बटणातून पडद्यावरचा कीबोर्ड काढा आणि माउसने टाइप करा.

अंदाजाने पासवर्ड मारत बसू नका. नव्याने घातलेल्या विंडोज ११ मध्ये १० मिनिटांत १० वेळा चुकले की खाते १० मिनिटांसाठी बंद होते. अशा वेळी संगणक सोडून उठा, थोड्या वेळाने शांतपणे पुन्हा बसा.

खाते कोणाच्या नावाचे आहे?

आमच्याकडे येणाऱ्या अडचणींचे मूळ बहुतेक वेळा इथे असते, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

संगणक वडिलांनी घेतलेला असतो, पण पहिल्या दिवशी तो सुरू करून दिलेला असतो मुलाने किंवा पुतण्याने, स्वतःच्या ईमेलवर. विंडोज ११ ची होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागते, त्यामुळे हे आता जास्तच होते. पुढे मुलगा पणजीला नाहीतर पुण्याला नोकरीला जातो, फौजेत असेल तर पोस्टिंगवर जातो. तिथे तो मोबाइलवर आपला पासवर्ड बदलतो. इथे बेळगावात आईला संगणक उघडता येत नाही, आणि आपल्यामुळे असे झाले हे मुलाच्या ध्यानातही नसते.

ओळखायचे कसे? चुकीचा पासवर्ड टाकल्यावर जी ओळ येते तिच्यात 'मायक्रोसॉफ्ट अकाउंट' हे शब्द असतील, तर खाते ईमेलचे आहे. मग आधी संगणक वायफायला जोडा. लॉगिनच्या पडद्यावरूनच ते जमते, खूण उजव्या कोपऱ्यातच आहे. नेट नसेल तर संगणकाला नव्या पासवर्डची खबरच नसते, तो जुनाच धरून बसतो. नेट जोडून नवा पासवर्ड टाका. नेट नसेलच, तर जुना टाकून पाहा.

पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तर तो मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर, कोणत्याही मोबाइलवरून बदलता येतो. त्यासाठी खात्याला जोडलेल्या नंबरवर किंवा दुसऱ्या ईमेलवर एक कोड येतो. मुलाने नवे सिम घेतले आणि जुना नंबर बंद पडला की गाडी इथे अडते. बंद नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात, तेव्हा तो कोड भलत्याच माणसाकडे जायचा. मग खाते परत मिळवण्याचा फॉर्म भरावा लागतो. जुने पासवर्ड, कोणाला काय ईमेल पाठवले होते त्यांचे विषय, असे जेवढे आठवेल तेवढे त्यात लिहा, आणि तो नेहमीच्या जागी, नेहमीच्या नेटवरून भरा. आत जाऊन सुरक्षेचे सगळे जुने नंबर एकदम बदलायला घेतले, तर ३० दिवस थांबावे लागते. हे ३० दिवस आम्हालाही कमी करता येत नाहीत.

नंबर बदलायचा असेल तर जुने सिम चालू आहे तोवर खात्यात नवा नंबर घाला. तुमचा मुलगा सुट्टीला घरी आला की हे पहिले करून घ्या, आणि त्याच वेळी आईवडिलांच्या नावाचे वेगळे ॲडमिन खातेही (संगणकात सगळे बदल करण्याचा हक्क असलेले) उघडून ठेवा.

खाते घरातल्या घरात असेल तर

ईमेल न जोडलेल्या खात्यात चुकीचा पासवर्ड पडल्यावर 'रिसेट पासवर्ड' असे येते. ते दाबले की खाते उघडताना दिलेले तीन प्रश्न विचारले जातात. उत्तर त्या वेळी जसे टाइप केले तसेच लागते. 'Belgaum' लिहिले होते की 'Belagavi', हे आठवून पाहा. यावर अडकलेले ग्राहक आम्ही पाहिले आहेत. प्रश्न नसतील आणि त्याच संगणकावर दुसरे ॲडमिन खाते असेल, तर त्यातून पासवर्ड बदलता येतो. मात्र तसे केल्यावर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जाऊ शकतात.

पासवर्डऐवजी टाकायचा पिन विसरला तर काळजी नको. तो त्या एका संगणकापुरता असतो, खात्याचा पासवर्ड आठवत असेल तर तिथल्या तिथे नवा करता येतो.

आत गेलो, पण सगळे रिकामे

पासवर्ड चालतो, पण डेस्कटॉप कोरा, फोटो नाहीत, आणि खात्यात जाता येत नाही अशी सूचना. हे पाहून रडवेली झालेली माणसे आमच्याकडे आली आहेत. पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाईट गेली की असे होऊ शकते. तुमचे प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खात्याचा डेस्कटॉप आणि मांडणी, नीट उघडले नाही, म्हणून विंडोजने तात्पुरते उघडून दिले आहे. फाइली सहसा सी ड्राइव्हमध्ये यूजर्स या फोल्डरात तुमच्या नावाखाली जागेवर असतात. त्या कोऱ्या डेस्कटॉपवर काहीही साठवू नका, बाहेर पडताच ते पुसले जाते. एकदोनदा रिस्टार्ट करून पाहा. तरी जमले नाही तर दुकानात आणा, बहुतेक वेळा दुरुस्त होते.

४८ आकडे मागणारा निळा पडदा

हा पासवर्डचा पडदा नव्हे. डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे विंडोजनेच फाइलींना घातलेले, कुलूप आहे, आणि मदरबोर्ड बदलल्यावर किंवा बायोस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट झाल्यावर ते आपली किल्ली मागते. बहुतेक घरगुती संगणकांत ती किल्ली ज्याच्या ईमेलवर संगणक सुरू केला, त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पडद्यावरचा 'की आयडी' (किल्लीची ओळख) लिहून घ्या, मुलाला फोन करा आणि जुळणारी किल्ली वाचून घ्या. ती कुठेच नसेल तर आतल्या फाइली आम्ही काढू शकत नाही, आणि मायक्रोसॉफ्टही ती तयार करून देत नाही. पैसे घेऊन उघडून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तसेच, पडद्यावर 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' म्हणून नंबर आला तर तो लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. पलीकडचा माणूस पडदा शेअर करायला सांगतो आणि पुढे बँकेपर्यंत पोचतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन करा, जितका उशीर तितके ते परत मिळणे अवघड.

दुकानात येताना

संगणकाचे बिल किंवा खोका, चार्जर, आणि खात्याला जोडलेला मोबाइल घेऊन या. खाते ज्याचे आहे तो माणूस आला तर उत्तम, नाहीतर आमच्यासमोर त्याला फोन लावा. दुसऱ्याचे खाते त्याच्या संमतीशिवाय आम्ही उघडत नाही. नवरा-बायकोचे असो, भावाभावांचे असो, हा नियम कोणासाठीही मोडलेला नाही. घरातले माणूस गेले आहे आणि त्याच्या संगणकातले फोटो हवे आहेत, असे असेल तर मृत्यूचा दाखला घेऊन या. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप नसेल तर पासवर्डशिवायही फाइली काढता येतात. त्या काढून आम्ही पेनड्राइव्हवर देऊ. खात्याला मात्र हात लावणार नाही.

पासवर्ड चिठ्ठीवर लिहून सीपीयूला चिकटवून पाठवू नका. तो आम्हाला हवा असेल तेव्हा तुम्ही स्वतः टाइप करा, आणि काम झाल्यावर घरी जाऊन बदला.