डिजिटल सक्षमता, विद्यापीठीय विद्यार्थ्यांची

संगणक, मोबाइल आणि आंतरजाल यांनी व्यापलेल्या समाजात जगणे, शिकणे आणि काम करणे यांसाठी विद्यापीठीय विद्यार्थ्याला लागणारी जाण, कौशल्ये व सवयी यांचा समुच्चय. तसेच ती अंगी बाणावीत म्हणून महाविद्यालयांत करून घेतली जाणारी तयारी. ‘डिजिटल साक्षरता’ ही संज्ञाही याच अर्थाने वापरतात. शासकीय लेखनात अधूनमधून दिसणारा ‘अंकीय’ हा पर्याय बोलण्यात मात्र रुळलेला नाही. साक्षरता एकदा येते आणि राहते, सक्षमता साधनांबरोबर पुन्हा पुन्हा कमवावी लागते. त्यामुळे येथे ‘सक्षमता’ हा शब्द स्वीकारला आहे. पुढील उदाहरणे मुख्यतः नाशिक परिसरातील आहेत.

संकल्पनेचा उगम नेमका कोठे मानावा, याविषयी मतैक्य नाही. ‘डिजिटल साक्षरता’ हा शब्दप्रयोग अमेरिकन लेखक पॉल गिल्स्टर यांच्या १९९७ मधील पुस्तकामुळे प्रसृत झाला, असे सामान्यतः मानतात. त्यांचा भर यंत्र चालवण्यापेक्षा पडद्यावर आलेल्या मजकुराची पारख करण्यावर होता. जगणे, शिकणे व काम करणे ही त्रयी मात्र गिल्स्टर यांची नव्हे. ती ब्रिटनमधील उच्च शिक्षणाला तंत्रज्ञानाच्या बाबतीत साहाय्य करणाऱ्या जिस्क या संस्थेच्या व्याख्येत आढळते, आणि हेलन बीथम व सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास आणि जिस्कचा २०११ ते २०१३ या काळातील कार्यक्रम यांच्या आसपास ती स्थिरावली असावी. युरोपीय आयोगाचा ‘डिजकॉम्प’ (२०१३) हा आराखडा सर्व नागरिकांसाठी असल्याने विद्यापीठीय विचारात त्याचे स्थान दुय्यम ठरते.

याला जोडूनच दुसरा वाद आहे. अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये नव्या पिढीला ‘डिजिटल जगाचे मूळ रहिवासी’ म्हटले. या पिढीला वेगळे शिकवण्याची गरज नाही, असा सोयीस्कर अर्थ त्यातून अनेकांनी काढला. पुढे डेव्हिड व्हाइट आणि ॲलिसन ल कोर्नू यांनी २०११ मध्ये वयाचा निकष सोडून वापराच्या हेतूवर आधारलेली ‘पाहुणे’ (कामापुरते येऊन जाणारे) आणि ‘रहिवासी’ (तेथेच वावरणारे) अशी मांडणी केली. एकच माणूस एका ठिकाणी रहिवासी आणि दुसरीकडे पाहुणा असू शकतो. सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातून नाशिकला शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार करता ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. फोनवर रील तासाभरात सफाईने जोडणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दाखल्याची पीडीएफ ठरावीक केबींच्या आत बसवताना अडतो, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयाबाहेरील रांगेत पाहता येते.

नाशिकमध्ये या तयारीचा धागा संज्ञेपेक्षा जुना आहे. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन दूरशिक्षणाचा मार्ग धरला. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. शिक्षक समोर नसताना छापील पुस्तकाच्या आधाराने स्वतःचे वेळापत्रक स्वतः पाळणे ही सवय पुढे पडद्यावरच्या शिक्षणाचा पाया ठरली, असे म्हणण्यास जागा आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएससीआयटी हा संगणक-ओळखीचा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. परंतु त्याची ओळख प्रामुख्याने नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र अशीच राहिली.

मराठीतून शिकणाऱ्यांपुढे एक प्रश्न आहे, ज्याला परदेशी आराखड्यांत जागा नाही : लिपीचा. प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक मानकाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता आणि भारतीय लिपींसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलकही त्याच वर्षीच्या भारतीय मानकात आला, तरी टंकलेखनाच्या दुकानांत जुने फाँट दीर्घकाळ चालू राहिले. या फाँटांत मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागी साठवला जातो. त्यामुळे दुकानात नीट दिसलेला प्रकल्प अहवाल प्राध्यापकांच्या संगणकावर उघडताच अक्षरे आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसते, आणि असा मजकूर शोधयंत्राच्याही हाती लागत नाही. युनिकोडमध्येही गुंता आहेच. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे वेगळे शब्द. पहिल्यातील अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून आणि एकदा साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एकाने दुसरे सापडेलच असे नाही. सह्याद्रीच्या दऱ्यांवर टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच फायलीत हवा तो परिच्छेद का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. संगणक शिकवणाऱ्यांना हा भाषेचा विषय वाटतो आणि भाषा शिकवणाऱ्यांना संगणकाचा.

विद्यार्थ्याची डिजिटल ओळख आता शैक्षणिक नोंदींशीच बांधलेली आहे. २०१५ पासूनचे डिजिलॉकर हे कागदपत्रांचे सरकारी ऑनलाइन भांडार आणि २०२१ मध्ये सुरू झालेली शैक्षणिक श्रेयांक पेढी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) यांत त्याची प्रमाणपत्रे व श्रेयांक जमा होतात, तर शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येते. नेट कॅफेत अर्ज भरताना दुकानदाराचाच मोबाइल क्रमांक किंवा ईमेल नोंदवला गेला, तर पुढच्या वर्षी पासवर्ड बदलण्याचा ओटीपी दुकानदाराकडे जातो, आणि दुकान बंद झाले असेल तर कोणाकडेच पोहोचत नाही. स्वतःचा ईमेल स्वतः उघडणे हा तयारीचा पहिला धडा त्यामुळेच मानावा. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीत १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवणे हाही त्याच धड्याचा भाग.

अध्ययनाच्या बाजूने केंद्र सरकारचे २०१७ मधील ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ महत्त्वाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करता येतात. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. ही टक्केवारी म्हणजे उचलेगिरीची मोकळीक असल्याचा समज विद्यार्थ्यांत आढळतो. तो चुकीचा आहे. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यावर केवळ साम्य मोजून भागत नाही.

कामाच्या बाबतीत सातपूर व अंबड येथील कारखान्यांकडे प्रथम लक्ष जाते, परंतु या जिल्ह्याचे बोलके उदाहरण द्राक्षनिर्यातीत आहे. युरोपकडे जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्रीय कृषिनिर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीत प्रत्येक बागेची नोंद, उर्वरित कीटकनाशकांच्या तपासणीचा अहवाल आणि पॅकहाउसमधील (माल खोक्यांत भरण्याच्या केंद्रातील) खोकी एका साखळीत जोडली जातात. अशा पॅकहाउसमध्ये नोंदी ठेवणाऱ्या वाणिज्य पदवीधराने बागेच्या नोंदणी क्रमांकात एक अंक चुकवला, तर माल उत्तम असूनही तो कोणत्या अहवालाशी जोडायचा हे दाखवता येत नाही.